नेदरलँड्स डान्स थिएटर: पाहुण्यांच्या जिवावर चाललेले घर

हेगच्या नेदरलँड्स डान्स थिएटरचा प्रयोग पाहायला जाणाऱ्याने आपण नृत्यरचनाकाराला पाहायला जात आहोत की नर्तकांना, हे तिकीट काढण्यापूर्वीच ठरवलेले बरे. रचनाकार दर कार्यक्रमाला बदलतो आणि नर्तक तेच राहतात. सोनिया गास्केल यांच्या नेदरलँड्स बॅलेतून बाहेर पडलेल्या नर्तकांनी १९५९ मध्ये ही संस्था उभी केली. पुढे १९७५ ते १९९९ या काळात यिरी किलियान या चेक रचनाकाराने तिची धुरा सांभाळली, तेव्हा घराला घरधनी होता आणि कोणताही प्रयोग पाहिला तरी त्याची सही ओळखू येत असे. २०२० पासून संस्थेची कलासंचालक असलेली एमिली मोलनार मात्र मुख्यतः निमंत्रण देण्याचे आणि जुळणी करण्याचे काम करते. घर आता पाहुण्यांवर, म्हणजे बाहेरून बोलावलेल्या रचनाकारांवर चालते, आणि या व्यवस्थेचे गुण-दोष एकाच संध्याकाळी शेजारी शेजारी बसलेले दिसतात.

सर्वांत मोठा गुण नर्तकांच्या अंगात मुरलेला आहे. इथे पारंपरिक बॅले मंडळींसारखी मुख्य नर्तक, एकल नर्तक, समूह अशी उतरंड नाही. त्यामुळे पाहुण्याला कोणालाही कोठेही उभे करता येते, आणि मागच्या रांगेतला नर्तकही मागच्या रांगेतल्यासारखा नाचत नाही. तीन छोट्या रचनांच्या कार्यक्रमात हेच शरीर आधी टाचा उचलून, ताठ पाठीने, यंत्रासारखे थरथरते आणि मध्यंतरानंतर हाडे नसल्यासारखे जमिनीवर ओघळते. आपल्याकडे एकाच गायकाने लागोपाठ दोन घराण्यांची गायकी तितक्याच खरेपणाने मांडावी, असा हा प्रकार आहे.

दोष असा की पाहुणे वाटतात तितके परके नसतात. शॅरॉन एयाल आणि होफेश शेक्टर हे दोघेही पाहुणे रचनाकार ओहाद नाहारिनच्या बात्शेवा या इस्रायली नृत्यमंडळीत नाचलेले, आणि नाहारिन स्वतः इथला जुना पाहुणा. रचनाकार क्रिस्टल पाइट आणि मोलनार दोघीही फ्रँकफर्टला विल्यम फोर्साइथ या नृत्यरचनाकाराच्या हाताखालून गेलेल्या, तर अलेक्झांडर एकमान याच संस्थेत नाचून पुढे रचनाकार झालेला. थोडक्यात, आमंत्रणे बहुतेक सोयऱ्याधायऱ्यांतच फिरतात. म्हणूनच काळोखा रंगमंच, वरून पडणारा धुरकट प्रकाश आणि कानठळ्या बसवणारा ठेका ही तिन्ही लक्षणे एकाच रात्री दोन वेगवेगळ्या नावांखाली पाहायला मिळाली, तर प्रेक्षकाने आपल्या स्मरणशक्तीवर शंका घेऊ नये.

एकमानची ‘कॅक्टाय’ ही रचना मात्र या वर्तुळाची स्वतःच थट्टा करते. तरुण नर्तकांसाठी १९७८ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या चमूवर, म्हणजे एनडीटी २ वर, ती २०१० मध्ये बसवली गेली. सोळा नर्तक आपापल्या पाटासारख्या चौकोनी फळीवर गुडघे टेकून बसतात, फळीवर, मांडीवर, छातीवर तळहात आपटतात, मध्येच एकसाथ श्वास सोडतात, आणि तंतुवाद्यांचे चार वादक त्यांच्यामधून वाजवत हिंडतात. पुढे एका युगुलनृत्यात दोघांच्या मनातले बोलणे ध्वनिमुद्रित आवाजात ऐकू येते. ‘आता पाय कुठे ठेवायचा’ अशा थाटाचे ते क्षुल्लक बोलणे चालू असतानाच वरून धप्पकन एक मांजर पडते. ते मांजर कशाचे प्रतीक आहे, हे कोणी सांगत नाही. उलट, प्रत्येक गोष्टीत प्रतीक शोधणाऱ्या समीक्षकांच्या भाषेचे विडंबन करणारे निवेदन रचनेतच आहे, त्यामुळे त्याविषयी लिहिताना हात जरा आखडताच घ्यावा लागतो.

पाहुण्याला तिसऱ्या दिवशी अक्कल नसल्याचे सुनावणारी म्हण आपल्याकडे आहे. माझा इथला अनुभव नेमका उलटा आहे. एकदा येऊन वीस-पंचवीस मिनिटांचे काम बसवून जाणाऱ्यांपेक्षा पुन्हा पुन्हा परतणारी पाहुणीच या नर्तकांकडून सर्वाधिक काढून घेते. पाइट २००८ पासून संस्थेची सहयोगी रचनाकार आहे. कॉम्प्लिसिटे या ब्रिटिश नाट्यसंस्थेच्या सायमन मॅकबर्नीसह तिने ‘फिगर्स इन एक्स्टिंक्शन’ ही त्रयी २०२२ पासून टप्प्याटप्प्याने रचली, आणि तिन्ही भाग एकत्र प्रथम फेब्रुवारी २०२५ मध्ये मँचेस्टरला सादर झाले. निवेदन इंग्रजीत असल्याने डच न येणाऱ्यालाही अडचण येत नाही. दुसऱ्या भागात विचार शब्दांत इतका मांडला जातो की नृत्य काही वेळ व्याख्यानाचे चित्र होऊन बसते, आणि तिथे थोडी कात्री चालली असती तर बरे झाले असते.

पहिल्या भागाविषयी अशी तक्रार मुळीच नाही. नामशेष झालेल्या आणि होऊ घातलेल्या जीवांची यादी वाचली जाते आणि एकेका नावाला एकेक शरीर उत्तर देते. पिरेनीज पर्वतातला रानबोकड येतो तेव्हा नर्तकाच्या हातांना लांब, वळलेली शिंगे जोडलेली असतात आणि त्या वजनाचा तोल सांभाळण्यातच सारे नृत्य असते. आशियाई चित्त्याचा तर केवळ सांगाडा येतो. नर्तक त्याची हाडे बाहुलीसारखी चालवतात, आणि पाठीच्या कण्याची ती लवचीक लाट पाहताना चालवणारे हात दिसेनासे होतात. हा चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्ते हरणांवर सोडून शिकार होत असे, या गोष्टी ऐकत मोठे झालेल्या माणसाला त्या सांगाड्याचे नाव वेगळे सांगावे लागत नाही.