स्ट्रासबर्गची सुनावणी, घरबसल्या

फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला असलेल्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या सुनावण्यांचं चित्रीकरण त्यांच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतं. मी स्वित्झर्लंडच्या आज्यांची सुनावणी पाहिली, 29 मार्च 2023 ची. दोन हजारांवर ज्येष्ठ महिलांची संघटना, आणि तक्रार अशी की उष्णतेच्या लाटा आमच्या जिवावर उठल्यात, सरकार पुरेसं करत नाही. शेजारी बसलेली आई म्हणाली, "अगं, या तर माझ्याच वयाच्या!" आणि शेवटपर्यंत हलली नाही. वकिलांची भाषणं झाली की न्यायाधीश प्रश्न विचारतात, तो भाग अजिबात चुकवू नका. मी मागे नेऊन दोनदा ऐकला.

9 एप्रिल 2024 ला 17 पैकी 16 न्यायाधीशांनी खासगी व कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग झाल्याचं मान्य केलं. पण जूनमध्ये स्विस संसदेच्या दोन्ही सभागृहांनी 'आम्ही पुरेसं केलंय' अशी भूमिका घेतली. मला फार वाईट वाटलं. हे न्यायालय ज्या युरोपीय मानवी हक्क करारावर चालतं, तो 46 देशांचा. पण तो तिथल्या लोकांना आपला वाटला नाही, तर सरकारांना जाब कोण विचारणार? जाडजूड निकालपत्र घरोघरी कोणी वाचत नाही, सुनावणीचं चित्रीकरण मात्र आईसारखी माणसं बघतात. आवाज इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये आहे. पोलिश, तुर्की, जर्मनमध्येही मिळायला हवा.