इंडिकेटरची दुरुस्ती, आणि त्यानंतरचे काही महिने: अर्थिंग, फ्लॅशर आणि एलईडीचा अनुभव

आधी निकाल सांगतो, कारण बरेच जण तेवढ्यासाठीच वाचायला येतात. मागच्या दिव्यांचं अर्थिंग (दिव्यांतला करंट गाडीच्या पत्र्यामार्गे बॅटरीकडे परत नेणारी जोडणी) नव्याने केलं, ते या सगळ्या कामात सगळ्यात मोलाचं ठरलं. पितळी पत्तीचे नवे होल्डर आणि चांगल्या प्रतीचे साधे तारेचे बल्ब गाडीत आहेत आणि राहतील. एलईडी बल्ब काही महिने वापरून काढले. त्यांच्यासाठी घेतलेला फ्लॅशरही (इंडिकेटर लुकलुकवणारा छोटा डबा) काढला आणि करंट ओळखणारा फ्लॅशर पुन्हा बसवला.

गाडी जुन्या पद्धतीच्या वायरिंगची आहे. डॅशबोर्डखाली फ्लॅशर वेगळा, हाताने उपसून काढता येणारा. तक्रार डाव्या बाजूची होती. दिवसा इंडिकेटर अगदी व्यवस्थित चाले. रात्री लाइट लावून ब्रेक दाबला की त्याच इंडिकेटरची टिकटिक एकदम भरभर व्हायची, आणि ब्रेक सोडला की पुन्हा संथ. बल्ब उडालेला नव्हता, मागे जाऊन पाहिलं तर पेटत होता, फक्त मलूल.

भरभर लुकलुकणं म्हणजे फ्लॅशर बिघडला, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तो फ्लॅशर त्याचं काम चोख करत असतो. इंडिकेटरचा नेहमीचा बल्ब 12 व्होल्ट, 21 वॅटचा, म्हणजे साधारण पावणेदोन अँपिअर ओढणारा. पुढे एक, मागे एक आणि बाजूला 5 वॅटचा छोटा, असे तिन्ही मिळून 47 वॅट, जवळजवळ चार अँपिअर. हा करंट फ्लॅशरच्या आतल्या एका बारीक रोधातून (रेझिस्टरमधून) जातो आणि आतली चिप त्यावर लक्ष ठेवून असते. एक मोठा बल्ब गेला की करंट निम्म्यावर येतो आणि चिप वेग जवळपास दुप्पट करते, म्हणजे चालवणाऱ्याला कळावं. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीत लुकलुकण्याचा वेग मिनिटाला 90, त्यात 30 इकडेतिकडे, असा धरला आहे. त्यामुळे 120 च्या वर गेलेली टिकटिक कानाला लगेच वेगळी लागते. आणखी जुन्या, गरम होऊन वाकणाऱ्या पत्तीच्या फ्लॅशरमध्ये नेमकं उलट होतं: बल्ब गेला की पत्ती पुरेशी तापत नाही, मग लुकलुकणं मंदावतं किंवा दिवा नुसताच पेटून राहतो.

माझ्या गाडीत करंट कमी होत होता, पण फक्त टेल लॅम्प आणि ब्रेक लाइट सोबत पेटल्यावर. हा धागा धरला की उत्तर एकाच दिशेला जातं. त्या तिन्ही बल्बमध्ये सामाईक काय असतं? अर्थची वायर. ती खराब असेल तर एकटा इंडिकेटर कसाबसा भागवतो. ब्रेकचा 21 वॅटचा बल्ब त्याच वाटेने करंट परत पाठवायला लागला की सगळ्यांचीच कोंडी होते. अर्थ आणखी खराब असेल तर करंट शेजारच्या बल्बच्या तारेतून उलटा वाट काढतो, आणि इंडिकेटर दिला की टेल लॅम्पही त्याच तालात फडफडतो. असं काही दिसलं तर बल्ब, फ्लॅशर, स्विच काहीही विकत न घेता आधी अर्थ तपासा.

तपासायची पद्धत सोपी आहे. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा. एक टोक बल्ब होल्डरच्या अर्थच्या पत्तीला, दुसरं लांब वायर जोडून बॅटरीच्या ऋण टोकाला. मग दिवे पेटवायचे. पेटवायचे हे महत्त्वाचं, कारण करंट वाहत नसताना खराब जोडही शून्यच दाखवतो. निरोगी जोडावर 0.1, फार तर 0.2 व्होल्ट दिसतात. माझ्याकडे इंडिकेटरच्या प्रत्येक पेटण्यासोबत आकडा उडी घेत होता, आणि ब्रेक दाबल्यावर 2 व्होल्टच्या वर गेला. तारेच्या बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो, त्यामुळे दोन व्होल्ट गेले की उजेड निम्म्याच्या आसपास येतो. मागच्या गाडीवाल्याला भर उन्हात तो इंडिकेटर दिसेल का, हा प्रश्न मला खरंच गंभीर वाटतो.

मल्टिमीटरसोबत टेस्ट लॅम्पही हवाच. मीटर स्वतः जवळपास करंट ओढत नाही. वायरचे सगळे धागे तुटून एकच उरला असला तरी मीटर खुशाल 12 व्होल्ट दाखवतो. बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प मात्र मिणमिणतो आणि खोट लगेच दिसते. मी जुन्या 21 वॅटच्या बल्बला दोन वायरी डाखून तो बनवला आणि या कामात तोच सगळ्यात जास्त हातात होता. एक इशारा: एअरबॅगच्या वायरींना, आणि कुठल्याही कंट्रोल युनिटकडे जाणाऱ्या बारीक वायरींना असा लॅम्प कधीही लावू नये.

डिकीचं आतलं कापडी अस्तर बाजूला केल्यावर अर्थचा बोल्ट सापडला. वरून ठीकठाक वाटत होता. पाना लावून सैल केला तेव्हा वायरच्या टोकाची गोल थिंबल हातात आली. तिची पत्र्याकडची बाजू काळपट तपकिरी, आणि वायर जिथे दाबून बसवली होती तिथे हिरवट भुकटी. इन्सुलेशन थोडं मागे सोललं तर आतलं तांबंही चमक गेलेलं, काळं. पत्र्यावर थिंबलखाली रंगाचं अर्धवट कडं तसंच होतं, म्हणजे धातूला धातू मुळात पूर्ण टेकलाच नव्हता. काळं पडलेलं तांबं संपेपर्यंत वायर मागे कापली, त्याच जाडीचा तुकडा जोडून नवी थिंबल दाबून बसवली. पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला आणि दातेरी वॉशर टाकून बोल्ट आवळला. ग्रीस सगळ्यात शेवटी, आवळून झाल्यावर वरून. ते वीज वाहून नेत नाही, त्याचं काम फक्त ओल बाहेर ठेवायचं.

होल्डरही बदलले, कारण तळाच्या पत्तीची स्प्रिंग मेली होती. बल्ब बोटाने हलवला की पेटे, सोडला की विझे. अशा होल्डरमध्ये बल्बच्या बुडाला शिशाचा जास्तीचा थेंब लावून काम भागवलेलं मी पाहिलं आहे. ते काही आठवडे टिकतं, मग उष्णतेने थेंब चपटा होतो आणि तक्रार परत येते. नवा होल्डर बसवणं त्यापेक्षा कमी कटकटीचं.

हे सगळं झाल्यावर मीटरवरचा आकडा दशांश व्होल्टच्याही खाली आला. मधे पूर्ण पावसाळा गेला, धूळ गेली, गाडी कितीतरी वेळा धुतली. परवा पुन्हा मोजलं तर आकडा तिथल्या तिथेच आहे. ब्रेक दाबून इंडिकेटर दिला तरी ताल बदलत नाही. या दुरुस्तीला मी पूर्ण गुण देतो.

आता फ्लॅशर. अर्थ ठीक झाल्यावरही एक वेगळी कुरबूर उरली होती: स्टिअरिंगजवळचा इंडिकेटरचा दांडा खाली केला तरी कधीकधी क्षणभर काहीच होत नसे, मग टिकटिक सुरू होई. फ्लॅशर उपसून त्याच्या खाचेत 49 (वीज येणारं) आणि 49a (दिव्यांकडे जाणारं) ही दोन टोकं फ्यूज लावलेल्या वायरने जोडली. दांडा डावीकडे केला की डावे दिवे स्थिर पेटले, उजवीकडे केला की उजवे, आणि प्रत्येक वेळी लगेच. म्हणजे स्विच, वायरिंग, बल्ब सगळं ठीक, दोष फ्लॅशरच्या आतल्या संपर्कबिंदूंचा. काही फ्लॅशरवर याच टोकांना बी, एल आणि ई अशी अक्षरं असतात. ई म्हणजे अर्थ, म्हणजेच आकड्यांच्या पद्धतीतलं 31. विकत घेताना एवढं तरी बघाच, कारण तीन पिनांचा आकार आणि मांडणी सारखी दिसत असली तरी बी आणि एलची जागा उत्पादकाप्रमाणे अदलाबदल झालेली असते. खाचेत बसला म्हणजे चालेल असं नाही.

त्याच सुमारास एलईडी बल्ब लावून पाहिले. कमी करंट, दीर्घ आयुष्य आणि झटक्यात पेटणं, हे तिन्ही फायदे खरे आहेत. तारेचा बल्ब पूर्ण उजेडाला यायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग घेतो, एलईडीला तो वेळ लागतच नाही. लुकलुकणं कसं कापल्यासारखं स्वच्छ दिसतं. पण एलईडी जेमतेम काही वॅट ओढतो, त्यामुळे करंट ओळखणाऱ्या फ्लॅशरला बल्ब गेल्यासारखंच वाटतं आणि तो भरभर धावतो. यावर दोन उपाय आहेत, दोन्ही वापरले.

पहिला उपाय म्हणजे बल्बला समांतर 6 ओहमचा, 50 वॅटचा सोनेरी खोक्यातला रोध. हिशेब सरळ आहे: 12 व्होल्टला 2 अँपिअर, 24 वॅट, इंजिन चालू असताना त्याहून जास्त. ही सगळी उष्णताच. हझार्ड (चारही इंडिकेटर एकदम लुकलुकवणारी सोय) थोडा वेळ चालू ठेवून पाहिलं तर रोधाला बोट लावणं अशक्य झालं. त्यावरचे 50 वॅट हे मोठ्या धातूच्या पत्र्यावर घट्ट बसवल्यावरचे असतात. तो प्लास्टिकच्या दिव्याला टेकवणं, वायरिंगच्या जुडग्याला बांधणं किंवा दुतर्फी टेपने चिकटवणं धोक्याचं आहे. शिवाय वीज वाचवायला एलईडी लावायचा आणि तीच वीज रोधात जाळायची, यात हाती काय लागतं? थोड्याच दिवसांत रोध काढले.

दुसरा उपाय लोड, म्हणजे बल्ब किती करंट ओढतात ते, न बघणारा फ्लॅशर. काम उत्तम करतो. कितीही बल्ब असोत, ताल एकच. तरी मी तो काढला, कारण बल्ब गेल्याची सूचना त्याच्यासोबत संपते. एका बाजूचा मागचा एलईडी अर्धा मेला, काही चिप पेटत आणि काही काळ्या, आणि गाडीत बसून त्याचा पत्ताच लागला नाही. हझार्ड लावून गाडीभोवती फेरी मारायची माझी सवय आहे म्हणून दिसलं. ती फेरी सगळ्यांनी मारावीच, पण गाडीने आपणहून सांगण्याची जागा ती घेऊ शकत नाही.

उजेडाबद्दलही समाधान झालं नाही. दिव्याचा परावर्तक तारेच्या एका ठरावीक जागेवरून निघणारा उजेड पसरवण्यासाठी घडवलेला असतो. एलईडीच्या चिप त्या जागेवर नसतात. सरळ मागून पाहिलं तर झगझगीत, थोडं तिरपं उभं राहिलं की लगेच कमी. इंडिकेटर तिरप्या कोनातूनच जास्त बघितला जातो, शेजारून येणाऱ्या दुचाकीकडून, रस्ता ओलांडणाऱ्याकडून. तारेच्या दिव्यात एलईडी टाकणं बऱ्याच ठिकाणी नियमातही बसत नाही, आपल्याकडचा नियम आधी पाहून घ्या.

ज्यांच्या डॅशबोर्डवर डाव्या-उजव्यासाठी मिळून एकच बाण आहे, त्यांच्यासाठी एक खास गोष्ट. तो छोटा बल्ब दोन्ही बाजूंच्या मध्ये जोडलेला असतो. एका बाजूने येणारा करंट त्याच्यातून दुसऱ्या बाजूच्या बल्बमार्गे अर्थला जातो. तारेचे बल्ब एवढ्याशा करंटने पेटत नाहीत, एलईडी पेटतात. मग डावा इंडिकेटर दिला की चारही कोपरे लुकलुकतात. त्यात फ्लॅशरचा दोष नसतो, डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) लावून ती वाट वेगळी करावी लागते.

आता साध्या बल्बवर परत आलो आहे. काच पांढरी असेल तर बल्ब नारिंगी लागतो. त्याच्या दोन खुंट्या समोरासमोर नसून 150 अंशांवर असतात, म्हणजे चुकून पांढरा बल्ब तिथे बसू नये. खुंटी कानशीने घासून बल्ब बसवणारे भेटतात, तसं करू देऊ नका. स्वस्त नारिंगी बल्बचा रंग उष्णतेने पापुद्र्यासारखा सुटतो आणि इंडिकेटर हळूहळू पांढरा होत जातो, म्हणून या एका वस्तूत काटकसर करू नये.

दोन्ही बाजू एकदम बंद असतील तर हझार्डचं बटण दाबून पाहा. हझार्डला वीज थेट बॅटरीकडून येते, इंडिकेटरला किल्ली फिरवल्यावर, आणि सहसा दोघांचे फ्यूज वेगळे असतात. हझार्ड चालतो आणि इंडिकेटर नाही, तर आधी फ्यूज, मग हझार्डचं बटण. हो, बटणच, कारण बऱ्याच जुन्या गाड्यांत इंडिकेटरची वीज त्या बटणातून फिरून जाते आणि वर्षानुवर्षं न दाबल्याने आतले संपर्क काळे पडतात. पाच-दहा वेळा दाबून-सोडून इंडिकेटर जिवंत झाला, तर दोष कुठे आहे हे कळलं. बटण तेवढं बदलून घ्या. स्टिअरिंगखालचा दांड्याचा स्विच त्यानंतर उघडायचा, आणि तिथे एअरबॅग असेल तर बॅटरी सोडवून, जाणकाराकडूनच.

नव्या गाड्यांत यातलं बरंच लागू होत नाही. तिथे वेगळा फ्लॅशरच नसतो, बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे वगैरे सांभाळणारा गाडीतला छोटा संगणक) करंट मोजतं आणि टिकटिक स्पीकरमधून ऐकवतं. तिथे एलईडी टाकलात तर फ्लॅशर बदलायची सोयच उरत नाही, मॉड्यूलचं कोडिंग (आतली सेटिंग) बदलणं किंवा तोच तापणारा रोध, एवढेच पर्याय राहतात. बल्ब, होल्डर, कपलर (वायरी जोडणारा प्लग) आणि अर्थ मात्र तिथेही असेच असतात, आणि मीटर लावायची जागाही तीच.