याशिका मॅट १२४जी: दोन वर्षं वापरून झाल्यावर

आधीच सांगते, मी प्रोफेशनल वगैरे काही नाही. डोंबिवलीत राहते, बँकेत नोकरी, शनिवार-रविवारी गळ्यात कॅमेरा, बस. दोन वर्षांपूर्वी याशिका मॅट १२४जी सेकंडहँड घेतला, तेव्हापासून चाळीसेक रोल तरी झाले असतील, म्हणून म्हटलं आता लिहायला हरकत नाही. हा म्हणजे तो डबा, समोर एकाखाली एक दोन लेन्स, वरचं झाकण उघडायचं नि मान खाली घालून बघायचं. आपल्याकडे गावोगावच्या फोटो स्टुडिओत असलेच डबे असायचे. आईबाबांच्या लग्नाचा अल्बम काढा, त्यातले चौकोनी फोटो बघा, बरेचसे असल्याच कॅमेऱ्यातले निघतील.

थोडी कुंडली सांगते नि पुढे जाते. याशिका मॅट ही मालिका १९५७ ला सुरू झाली, १२४जी हे त्यातलं शेवटचं मॉडेल, १९७० ते १९८६ चाललं. मूळ डोकं जर्मनांचं, रोलायफ्लेक्स १९२९ चा, आपल्या फोटोपत्रकार होमाई व्यारावाला वापरायच्या तो. मला खरं तर तोच हवा होता, पण भाव ऐकला नि गपचूप फोन ठेवला. याशिका म्हणजे रोलायफ्लेक्सची मावसबहीण समजा, रूप तेच, दागिने कमी.

फिल्म लागते १२० ची. ही कोडॅकने १९०१ मध्ये काढली नि अजून मिळते, हेच मला नवल वाटतं. एका रोलवर बारा फोटो, प्रत्येक निगेटिव्ह साधारण ५६ बाय ५६ मिलिमीटर, म्हणजे नेहमीच्या ३५ एमएमच्या साडेतीन पटींहून जास्त. हे आकडे मलाही पाठ होते, पण पहिला रोल धुऊन बाथरूममध्ये वाळत घातला तेव्हा खरं कळलं. निगेटिव्ह खिडकीसमोर धरलं तर भिंगाशिवाय काकूच्या साडीचे काठ दिसत होते! तिथेच पैसे वसूल झाले असं मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला किती पैसे? मी विषय बदलला.

आता मुख्य, चालवायचा कसा. हा कॅमेरा अवघड आहे असं जो तो सांगतो, माझं मत उलटं आहे, अवघड काहीच नाही, पण विसराळू माणसाची हा अजिबात गय करत नाही. सगळं ठरलेल्या क्रमाने करायचं, एक पायरी चुकली की गेला फोटो, आणि गेला हे कळणार आठवड्याने.

फिल्म भरायची तर खालची चकती फिरवून मागचं दार उघडा. रिकामी रीळ वरच्या खोबणीत, नवा रोल खालच्या. फिल्मच्या पाठीमागच्या कागदाची जीभ वर ओढून रिकाम्या रिळाच्या फटीत सरळ घाला, तिरकी गेली तर पुढे सगळा रोल तिरका. मग बाजूची क्रँक हळूहळू फिरवत कागदावरचा आडवा बाण बॉडीवरच्या खुणेसमोर आणा, दार बंद करा, नि क्रँक आपणहून थांबेपर्यंत फिरवा, आकडा १ दिसतो. ती क्रँक फिरवतानाचा कर्रर्र आवाज, काय सांगू, निम्मा कॅमेरा मी त्या आवाजासाठी घेतलाय. एका फिरकीत फिल्मही सरकते नि शटरही चढतं, म्हणजे एकावर एक फोटो चुकून होत नाहीत. बारा झाले की क्रँक फिरवत राहायची, रोल पूर्ण गुंडाळला जातो, काढून डिंकाच्या पट्टीला जीभ लावायची नि चिकटवायची. हो, जीभ. लोकलमध्ये केलं तर समोरच्या बायका बघतात.

आणि इथेच मी पहिल्या रोलला माती खाल्ली. दाराच्या आतल्या बाजूला एक प्लेट असते, तिच्यावर १२ नि २४ अशा दोन जागा. २४ म्हणजे २२० ची फिल्म, तिला पाठीमागे कागद नसतो म्हणून ती दुप्पट लांब, पण आता ती सहसा मिळत नाही. आधीच्या मालकाने प्लेट २४ वर ठेवलेली, मला कुठे माहीत. बारा झाले तरी कॅमेरा थांबेना, मला वाटलं वा, जास्तीचे मिळतायत! तेरा, चौदा, पंधरा, आणि पंधराव्याला आजीला खुर्चीत बसवून, पदर सारखा करून, चष्मा काढू की ठेवू यावर दहा मिनिटं चर्चा करून फोटो घेतला. नुसत्या काळ्या कागदावर. आजी अजून विचारते, माझा फोटो आला का गं? तेव्हा घेतल्या घेतल्या पहिलं काम, ती प्लेट बघा.

बघायची काच मात्र जादू आहे. डोळा लावायचा नाही, पोटाशी धरून वरनं बघायचं, खाली छोट्या चौकोनात अख्खं जग हलताना दिसतं. फक्त डावं-उजवं उलट. वरखाली सरळ असतं, ते आरशामुळे, पण आडवं उलटं, त्यामुळे माणूस डावीकडे सरकला की तुम्ही कॅमेरा नेमका नको तिकडे फिरवता. पहिला महिना मी नुसती गोल गोल फिरत होते. मेणवलीला घाटावर गेलो होतो, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे, म्हशी पाण्यात उतरत होत्या, मी त्यांच्या मागे मागे कॅमेरा फिरवतेय नि म्हशी काचेतून निघून जातायत, शेवटी एक जागा धरून थांबले नि म्हटलं तुम्हीच या. तिथली दोन पोरं येऊन माझ्या हाताखालून डोकं घालून बघायला लागली, एक ओरडला, ताई यात टीव्ही आहे! मग घाटावरच्या सगळ्या पोरांना टीव्ही दाखवला, आईही वाकून बघून गेली एकाची. फोटो झाले तीन, पण ते तीन आले छान, कारण पोरं काचेत गुंतलेली, कॅमेऱ्यासमोर ताठ उभं राहायचं कुणाला सुचलंच नाही.

फोकससाठी डाव्या बाजूला मोठी चकती, उजव्या हाताला क्रँक. बारीक बघायचं तर झाकणातलं भिंग वर येतं, ते वापराच, नुसत्या नजरेवर जाऊ नका, माझे पहिले निम्मे फोटो नाकाऐवजी कानावर फोकस झालेत. एक मीटरच्या आत जाता येत नाही. आणि वरची लेन्स बघते, खालची फोटो काढते, त्यामुळे जवळच्या माणसाचं डोकं काचेत पूर्ण दिसलं तरी फोटोत वरनं कापलं जातं. वर थोडी जागा सोडायची सवय लावा. याच दोन लेन्सच्या भानगडीत माझे एका लग्नातले चार फोटो गेले, वरच्या लेन्समधून सगळं स्वच्छ, आणि खालच्या लेन्ससमोर माझ्याच ओढणीचं टोक लटकतंय. धुऊन आल्यावर बघते तर चारही फोटोंत वधूवरांच्या अंगावर एक धुरकट भूत. तेव्हापासून या कॅमेऱ्याबरोबर ओढणी बंद, नाहीतर कमरेला खोचून.

लेन्स ८० एमएम, एफ ३.५ (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं), याशिनॉन नावाची, चार काचांची. पूर्ण उघडी ठेवली तर कडेला जरा मऊ, एफ ८ ला मात्र धारदार, तेवढ्या पैशात तक्रार करायला जागा नाही. रंगीत फिल्मवर सूर्य समोर घेतला तर धुरकटते, त्याला हूड लावा. शटर एक सेकंद ते १/५०० एवढंच. भर उन्हात ४०० ची, म्हणजे कमी उजेडातही चालणारी, फिल्म असेल तर एफ १६ नि १/५०० वर अडकता, पाठीमागचं धूसर करायची हौस असेल तर १०० ची फिल्म घ्या. पण शटर लेन्समध्येच असल्यामुळे आवाज नुसता टिक, आत आरसा आपटत नाही, त्यामुळे पट्टा मानेला ताणून धरला तर १/३० सहज हातात जमतं, कधीकधी १/१५ सुद्धा. मित्राचा मामिया आरबी६७ आहे, तोही मी वापरलाय, त्याच्या निगेटिव्ह पाहिल्यात तर वेड लागेल, पण तो गळ्यात घालून भाजीला सुद्धा जाता येणार नाही, पाटा-वरवंटा आहे तो. हा किलोभराच्या जरा वर, पिशवीत डब्याशेजारी मावतो.

आता वाईट बाजू. मीटर, म्हणजे कॅमेऱ्यातलं उजेड मोजायचं यंत्र. झाकण उघडलं की तो चालू होतो, वर दोन काटे दिसतात, चाकं फिरवून एकावर एक आणायचे, सोपं आहे, पण त्याला १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा नि तो पाऱ्यापायी बंद झाला. साधा दीड व्होल्टचा घातला की काटा खोटं बोलतो. उपाय म्हणजे कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल, तो १.४ च्या आसपास देतो. आकाराने लहान असतो म्हणून भोवती काहीतरी भरावं लागतं, मी नळवाल्याकडून रबरी वायसर आणला, दोन रुपयांत काम झालं. घरात सासऱ्यांचं कानाचं मशीन आहे, त्यामुळे सेलची ददात नाही, फक्त एकदा ते म्हणाले, अगं, माझ्या पाकिटात सहा होते, चारच कसे? मी म्हटलं, बाबा, दोन तुमच्या फोटोसाठी लागले. ते हसले, पण आता पाकीट त्यांच्या कपाटात असतं, कुलपात. आणि हा सेल स्टिकर काढला की वापरा न वापरा, काही आठवड्यांत मरतोच. शेवटी मी मीटर सोडून दिला. कडक उन्हात एफ १६ नि शटर फिल्मच्या नंबराएवढं, ढग आले की एफ ८, सावलीत ५.६, आणि जिथे शंका तिथे फोनवरचं मीटर. ब्लॅक अँड व्हाइट फिल्म एवढं सांभाळून घेते.

दुसरं म्हणजे विकत घेताना लागणारी नजर. मी फोर्टात, बोरा बाझारच्या आसपास तीन शनिवार घालवले. मोबाइलची टॉर्च घेऊन जा, शटर बी वर ठेवून उघडं धरा नि लेन्समधून आरपार बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी, आपल्या दमट हवेतली जुनी दुखणी. वरच्या लेन्सला थोडी असली तर चालवून घ्या, खालच्या लेन्सला असेल तर उठा नि चहा प्या. मग एक सेकंदावर शटर मारा, आतून घर्रर्र असा सलग आवाज यायला हवा, मधेच अडकला तर वंगण वाळलंय. सेल्फ टायमरचा दांडा मात्र ओढू नका, दुकानदार करून दाखवा म्हणाला तरी. तो मधेच अडकला की शटरही बसतं.

माझा २६ हजारांना पडला नि महिन्यात १/८ च्या खालचे सगळे स्पीड झोपले. एका दुरुस्तीवाल्याकडे दिला, नाव घेत नाही, आठ दिवसांत देतो म्हणाला, लागले अकरा आठवडे, साडेपाच हजार घेतले, स्क्रूंची डोकी चावल्यासारखी करून ठेवली, आणि आतली बघायची काच उलटी बसवली! फोकस सगळा मागे जात होता. दुसऱ्या एका म्हाताऱ्या काकांनी माझ्यासमोर पंधरा मिनिटांत ती नीट केली नि पैसे घेतले नाहीत, म्हणाले फोटो आणून दाखव. तर किमतीत दुरुस्ती धरूनच हिशेब करा, कॅमेरा पन्नाशीला आलाय, त्याचेही गुडघे दुखणार.

चालू खर्च सांगते. मला एचपी५ या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचा रोल साधारण हजाराला पडतो, बाहेर धुऊन स्कॅन केलं तर अजून सहा-सातशे, म्हणजे एका क्लिकला सव्वाशे-दीडशे. म्हणून मी घरी धुते. काळ्या पिशवीत हात घालून कागदापासून फिल्म सोडवायची नि रिळावर चढवायची, मे महिन्यात डोंबिवलीत हे करून बघा, हाताला घाम सुटतो, फिल्म रिळात चिकटून बसते नि पुढे जात नाही. आता मी पहाटे पाचला, पंख्याखाली, हाताला पावडर न लावता नुसता कोरडा नॅपकिन चोळून करते. आयडी-११ या धुवायच्या औषधात एचपी५ ला २० डिग्रीला साडेसात मिनिटं लागतात, आमच्या नळाचं पाणी उन्हाळ्यात ३० ला असतं, तेवढ्या गरम औषधात वेळ इतका कमी होतो की डाग पडतात. सोपं काम म्हणजे मोठ्या परातीत पाणी, त्यात फ्रिजमधले बर्फाचे दोन ट्रे, नि औषधाच्या बाटल्या त्यात अर्धा तास. सासूबाईंनी एकदा त्या परातीत आमरसाचं पातेलंही ठेवून दिलं, जागा होतीच म्हणे.

कुणी घ्यावा? ज्याला लेन्स बदलायच्यात, धावत्या पोरांचे फोटो हवेत, किंवा लगेच बघायचंय, त्याने नको. ज्याला माणसांचे, घरांचे, निवांत फोटो हवेत नि पहिले चार-पाच रोल वाया गेले तर रडू येणार नाही, त्याने जरूर. मी पाचपैकी चार देईन, एक मार्क मीटरचा कापला, दुरुस्तीवाल्याचा कॅमेऱ्यावर काढत नाही. आणि हो, बरोबर जुनी चामड्याची केस मिळाली तर दिसायला भारी असते पण तिच्यात कॅमेरा ठेवू नका, चामडं ओल धरतं नि तिथूनच बुरशी लागते. माझी दोन वर्षं बाल्कनीत ऊन खातेय, अजून वास जात नाही.