गिटारसाठी लाकूड निवडताना: स्प्रूस की सीडर, शिसव की महोगनी?

सांगली-मिरज भागात राहून हाताने घडवलेली अकूस्टिक गिटार करून घ्यायची, किंवा स्वतःच घडवायची, असे ज्याने ठरवले आहे त्याच्यासमोर लाकडांची जी यादी येते ती बहुधा परदेशी कारखान्यांच्या माहितीपत्रकांतून उचललेली असते, आणि तीत प्रत्येक लाकडापुढे ‘ऊबदार’, ‘झळाळता’, ‘खोल’ अशी विशेषणे लावलेली असतात. या विशेषणांच्या आधारे निर्णय घेऊ नये, कारण त्यांतली बरीचशी लाकडापेक्षा घडवणाऱ्याच्या हाताला अधिक लागू पडतात. इथल्या माणसाने आधी दोन गोष्टींचा विचार करावा, असे माझे मत आहे: वाद्य कोणत्या तारांवर आणि कशा हाताने वाजणार आहे, आणि ते वर्षभर कोणत्या हवेत राहणार आहे. लाकडाचे नाव त्यानंतर येते.

हवेचा प्रश्न आधी घेतो, कारण माहितीपत्रकांत तो सापडत नाही. चांगल्या कार्यशाळांमध्ये गिटारची जोडणी ४५ ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत केली जाते. आपल्याकडे चैत्र-वैशाखातल्या दुपारी हवा ३० टक्क्यांच्याही खाली कोरडी होते आणि पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्या वर जाते. साताऱ्याच्या पश्चिमेला, पाटण, जावळी किंवा महाबळेश्वरकडे, पावसाळ्याचे ते दिवस आणखी लांबतात. ३० टक्के आर्द्रतेत लाकडातला ओलावा सुमारे ६ टक्क्यांवर स्थिरावतो, तर ८० टक्क्यांत तो सुमारे १६ टक्क्यांपर्यंत चढू पाहतो. प्रत्यक्षात घरातले लाकूड या दोन्ही टोकांना पोहोचत नाही, पण आठ टक्क्यांचा फरक धरला तरी मोठ्या गिटारच्या टॉपएवढी (समोरच्या, तारांखालच्या फळीएवढी), म्हणजे ४०० मिलिमीटर रुंदीची स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची सुटी फळी चार ते पाच मिलिमीटर फुगते किंवा आकसते. सीडर या दुसऱ्या सूचिपर्णी झाडाची तेवढीच फळी तीन मिलिमीटरच्या आत राहते. गिटारमध्ये हीच फळी कडांना आणि आतल्या ब्रेसना (आधाराच्या पट्ट्यांना) चिकटवलेली असल्यामुळे तिला मोकळेपणाने हलता येत नाही. मग पावसाळ्यात पोट फुगते, तारा उंच होतात, आणि उन्हाळ्यात लाकडाच्या वाढीच्या रेषेवरून चीर जाते.

तंबोऱ्यात जे काम तबली (भोपळ्यावर बसवलेली लाकडी फळी) करते ते गिटारमध्ये टॉप करतो, आणि खर्चाचा व विचाराचा मोठा वाटा तिथेच पडला पाहिजे. टॉपचे लाकूड हलके हवे आणि तरीही लांबीच्या दिशेने ताठ हवे. सिटका स्प्रूसची घनता घनमीटरला सुमारे ४२५ किलो असते आणि पश्चिम अमेरिकेतल्या लाल सीडरची सुमारे ३७०. परंतु ताठपणात स्प्रूस बराच पुढे आहे, साधारण ११ गिगापास्कल विरुद्ध पावणेआठ. त्यामुळे जाणकार कारागीर सीडरचा टॉप थोडा जाड ठेवतो आणि तरीही तो वजनाला भारी होत नाही. ऐकताना फरक असा जाणवतो की, सीडर हलक्या बोटालाही लगेच उत्तर देतो, परंतु पिकने जोरात झोडपल्यावर एका मर्यादेनंतर त्याचा आवाज वाढायचा थांबतो आणि स्वर एकमेकांत मिसळू लागतात. स्प्रूसला ती मर्यादा बरीच उशिरा येते. क्लासिकल गिटारमध्ये सीडर रुळला तो माद्रिदच्या रामिरेझ कार्यशाळेमुळे, १९६०च्या दशकात. त्याआधी तिथेही स्प्रूसचेच राज्य होते.

तारांचा हिशेबही येथेच करावा लागतो. स्टीलच्या हलक्या संचाचा एकूण ताण सत्तर किलोंच्या थोडा वर जातो, तर नायलॉनचा चाळीसच्या आसपास राहतो. बोटांनी वाजणारी नायलॉनची गिटार असेल आणि ती एसी नसलेल्या घरात राहणार असेल, तर मी निःसंकोच सीडर सुचवेन. भजनात, बँडमध्ये किंवा मोकळ्या मैदानावर पिकने वाजणारी स्टीलची गिटार असेल, तर सिटका. एंगलमन स्प्रूस या दोहोंच्या मधला आहे आणि पहिल्या गिटारसाठी त्याच्या मागे लागण्याची गरज नाही. सीडरबद्दल एक सूचना मात्र द्यायला हवी: तो इतका मऊ असतो की नखाने दाबले तरी खूण उमटते, त्यामुळे घरात लहान मुले असतील तर त्याचा चेहरा पहिल्याच वर्षी बदलेल.

जातीपेक्षा प्रत्यक्ष हातात आलेली फळी महत्त्वाची असते, आणि ती पारखण्याच्या रीती फारशा अवघड नाहीत. फळीच्या टोकाकडून पाहिले असता वाढीच्या रेषा पृष्ठभागाशी काटकोनात उभ्या दिसल्या पाहिजेत. तशा त्या असतील तर रंध्याने साफ केलेल्या भागावर रेषांना आडवी जाणारी रेशमासारखी चमक दिसते. एकाच तुकड्यातून चिरलेले टॉपचे दोन भाग पुस्तकाच्या पानांसारखे उघडून शेजारी ठेवावेत आणि उजेडाकडे धरावेत. एक भाग उजळ आणि दुसरा गडद दिसत असेल, आणि फळ्या फिरवल्यावर तोच प्रकार उलटा होत असेल, तर तंतू पृष्ठभागाशी समांतर नसून तिरके बाहेर पडत आहेत असे समजावे. अशी फळी ब्रिजच्या (टॉपवर तारा जिथे अडकवतात त्या पट्टीच्या) ओढीखाली कमकुवत ठरते. यानंतर टोकापासून लांबीच्या सुमारे एक पंचमांशावर दोन बोटांत फळी सैल लटकवून मध्यभागी बोटाच्या पेराने टिचकी मारावी. चांगली फळी घुमत राहते, सामान्य फळी ‘टक्’ करून गप्प होते. एका इंचात रेषा किती हे मोजत बसणाऱ्यांची संख्या मोठी आहे, परंतु दाट रेषांची फळी ताठ असेलच असे नाही, आणि किंमत मात्र त्या रेषांवरच लावली जाते.

मिरजेत बसून हा विचार करणाऱ्याला तुनाच्या लाकडाचा मोह होणे स्वाभाविक आहे. सतार-तंबोऱ्यात तून शतकाहून अधिक काळ वापरात आहे, ते कोरायला सोपे असते, आणि जुने, मुरलेले तुकडे इथल्या कारखान्यांत पाहायला मिळतात. तरीही स्टीलच्या तारांच्या गिटारसाठी तुनाचा टॉप मी सुचवणार नाही. तंबोऱ्याची तबली बाक दिलेली आणि जाड असते, त्या बाकामुळेच ती तारांचा दाब पेलते. गिटारचा टॉप जवळजवळ सपाट, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाड असतो आणि ब्रिज त्याला चिकटवलेला असल्यामुळे तारा त्याला सतत पुढे ओढत असतात. तिथे लांबीच्या दिशेचा ताठपणा लागतो, आणि त्या बाबतीत तून स्प्रूसची बरोबरी करू शकत नाही. नेकसाठी, म्हणजे गिटारच्या दांडीसाठी, मात्र तून उत्तम. स्पेनमधल्या गिटारींच्या नेकला जे सेद्रेला लाकूड वापरतात त्याच्याशी तुनाचे नाते इतके जवळचे आहे की वनस्पतिशास्त्रज्ञ एके काळी दोघांना एकाच प्रजातीगणात धरत असत. महोगनीही याच कुळातली. नायलॉनच्या गिटारला मुरलेल्या तुनाचा नेक हलका आणि सरळ राहतो. स्टीलच्या गिटारला महोगनी घ्यावी आणि आत ट्रस रॉड (नेक वाकू नये म्हणून घालायची धातूची सळई) टाकावा.

आता बॅक आणि साइड, म्हणजे मागची फळी आणि बाजूच्या पट्ट्या, ज्यांवर सर्वांत जास्त वाद होतो. स्पेनच्या आंतोनिओ दे तोरेस या कारागिराने १८६२ मध्ये कागदाच्या पुठ्ठ्याच्या बॅक-साइडची एक गिटार केली होती. आवाजाचा मुख्य भार टॉपवर असतो हे त्याला दाखवायचे होते. अलीकडचा पुरावा २०१८ मधला आहे. ब्रिटनमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी एकाच कारागिराकडून सहा गिटारी करवून घेतल्या, ज्यांत फक्त बॅक-साइडचे लाकूड वेगळे होते: ब्राझीलचा रोझवूड, भारतीय शिसव, महोगनी, मेपल, सपेली आणि अक्रोड. ५२ वादकांनी त्या न पाहता वाजवल्या आणि आवाजाच्या दर्जात त्यांना फारसा फरक सांगता आला नाही. माझ्या मते याचा अर्थ बॅक-साइडला काहीही लावावे असा होत नाही. स्थिरता, वजन, वाकवण्याची सोय आणि रूप पाहून निवड करायला आपण मोकळे आहोत, एवढाच त्याचा अर्थ.

शिसव आणि महोगनी यांची तुलना याच कसोट्यांवर करावी. शिसवीची घनता घनमीटरला सुमारे ८३० किलो, महोगनीची ५९०. म्हणजे शिसवीची गिटार हातात वजनदार लागते. शिसवीच्या फळीवर टिचकी मारली तर ती धातूसारखी वाजते, महोगनी कोरडी वाजते, आणि तयार वाद्यात हा फरक टिकलाच तर तो मंद्र स्वरांच्या लांबीत किंचित टिकतो. आपल्या दक्षिणेकडच्या जंगलांतली शिसव १९६९ पासून अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने ब्राझीलच्या रोझवूडऐवजी वापरायला सुरुवात केली. त्यांचे डी-२८ मॉडेल शिसवीचे आणि डी-१८ महोगनीचे असते, टॉप दोहोंचा स्प्रूसचा. एखाद्या मित्राकडे किंवा दुकानात ही दोन मॉडेल्स लागोपाठ वाजवायला मिळाली तर शेकडो विशेषणे वाचण्याचे श्रम वाचतील.

कामाच्या दृष्टीने शिसवीचे काही त्रास आहेत. तिच्यात तेल असल्यामुळे चिकटवण्यापूर्वी सांधा ताजा तासून घ्यावा किंवा अ‍ॅसिटोनने पुसावा लागतो. साइडची फळी तापलेल्या नळीवर वाकवताना गोडसर वास सुटतो आणि काम छान होते, परंतु तिची धूळ अनेकांच्या कातडीला व श्वासाला बाधते. पॉलिशच्या वेळी तर फारच जपावे लागते: चपड्याचा स्पिरिटमध्ये भिजलेला बोळा शिसवीवरून फिरला की जांभळट रंग सुटतो, आणि तोच बोळा चुकून पांढऱ्या स्प्रूसवर गेला की कडेने डाग पडतो, जो सहज निघत नाही. महोगनीत हे त्रास बरेच कमी. नवशिक्या घडवणाऱ्याने म्हणूनच महोगनीपासून सुरुवात करावी. मात्र अलीकडे शेतांच्या बांधावर लावलेल्या महोगनीचे कोवळे लाकूड जुन्या लाकडाइतके घट्ट असेल असे गृहीत धरू नये. तसेच वखारीत शिसव मागितल्यावर उत्तरेकडचे शिसू दाखवले जाते; ते तपकिरी, स्वस्त आणि वापरण्याजोगे असते, फक्त त्याला शिसवीचा भाव देऊ नये.

सागाचे नाव या चर्चेत फारसे कोणी घेत नाही. तो आर्द्रतेतल्या चढउतारांत महोगनीच्या तोडीने स्थिर राहतो, आणि जुन्या वाड्यांच्या तुळयांमधून निघालेला साग पन्नास-शंभर वर्षे मुरलेला असतो. त्यातल्या सिलिकामुळे रंध्याची आणि पटाशीची धार लवकर जाते, चिकटवण्याची शिसवीसारखीच अडचण येते, आणि तुळईत लपलेला खिळा करवतीचे दात घालवू शकतो, हे खरे. तरीही सांगलीच्या हवेसाठी बॅक-साइडला जुना साग ही माझी पहिली पसंती आहे, विशेषतः ज्याला शिसवीचा खर्च टाळायचा आहे त्याच्यासाठी. मेपल दिसायला देखणे असते, पण ते हवेबरोबर बरेच हलते आणि आयात करावे लागते. आपल्याकडे ते निवडण्याचे कारण नाही. फ्रेटबोर्ड (नेकवरची, बोटे टेकवायची पट्टी) आणि ब्रिज शिसवीचेच करावेत.

कोणतेही लाकूड आणले तरी ते लगेच कापू नये. फळीवर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहून ती हवेशीर खोलीत काड्यांवर रचावी आणि दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावी. वजन उतरायचे थांबले की ती फळी वापरायला योग्य झाली. पेटी बंद करण्याचे, म्हणजे टॉप आणि बॅक साइडला चिकटवण्याचे काम आपल्याकडे दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंतच्या काळात करावे, आणि आर्द्रतामापक पन्नासच्या आसपास दाखवत असेल तेव्हाच. भर पावसात बंद केलेली पेटी पुढच्या वैशाखात हमखास चिरते.

शिसव निवडल्यास खरेदीची पावती आणि वनखात्याचा वाहतूक पास जपून ठेवावा. जानेवारी २०१७ पासून ब्राझीलचा रोझवूड वगळता शिसवीच्या सर्व जाती साइट्स या, संकटातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने घालणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ पासून त्यातून सूट मिळाली आहे, परंतु ब्राझीलचा रोझवूड १९९२ पासून अधिक कडक अशा पहिल्या परिशिष्टात असल्याने त्याला ती सूट लागू नाही. गिटार घेऊन परदेशी शिकायला जाणाऱ्याला विमानतळावर या दोन लाकडांमधला फरक त्या पावतीवरूनच सांगता येईल.