पहिला कन्सोल कुठला घ्यावा? पीएसटू, पीएसथ्री, एक्सबॉक्स ३६० आणि बाकीचे

जुन्या कन्सोलचा, म्हणजे व्हिडिओ गेम खेळायच्या यंत्रांचा, संग्रह सुरू करायचा आहे, पैसे एका किंवा फार तर दोन कन्सोलपुरतेच आहेत आणि ओएलएक्सवर डझनभर जाहिराती उघडून डोकं गरगरायला लागलंय, अशा माणसासाठी हा आढावा आहे. माझा कौल आधीच सांगतो. महाराष्ट्रात राहत असाल तर पहिला पीएसटू (सोनीचा प्लेस्टेशन २) घ्या, दुसरा पीएसपी (सोनीचाच हातात धरून खेळायचा प्लेस्टेशन पोर्टेबल). तिसऱ्यापासून पुढे आवडीनिवडी सुरू होतात आणि तिथे वाद घालायला मजा आहे.

इंटरनेटवर सापडणाऱ्या बहुतेक याद्या अमेरिकेतल्या गिऱ्हाइकासाठी केलेल्या असतात. तिथे सुपर निन्टेंडो किंवा निन्टेंडो ६४ शेजाऱ्याच्या माळ्यावरून निघतो, गेमसकट. आपल्याकडे ही यंत्रं घरोघरी कधी नव्हतीच. ती मागवावी लागतात, मग त्यांचा प्रत्येक गेम मागवावा लागतो आणि बिघडली की दुरुस्त करणारा शोधावा लागतो. कन्सोल आपण एकदा घेतो, पण रिमोट, वायर, मेमरी कार्ड, डिस्क वाचणारा लेझर, गेम हा खर्च वर्षानुवर्षं चालतो. म्हणून दोनच प्रश्न विचारायचे. दुसरा गेम कुठून मिळणार? आणि यातला सगळ्यात आधी जाणारा भाग कुठला, तो कोण बदलून देणार?

पीएसटू या दोन्ही प्रश्नांत सरळ पास होतो. २००० च्या मार्चमध्ये जपानमध्ये आलेला हा कन्सोल २०१३ च्या सुरुवातीपर्यंत बनत होता आणि जगभरात १५ कोटींहून जास्त विकला गेला. आपल्याकडे पीएसथ्री आल्यानंतरही कित्येक घरांत नवा पीएसटूच येत होता. त्यामुळे मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत तो ओळखणारा, उघडलेला आणि दुरुस्त केलेला कारागीर आजही भेटू शकतो. शिवाय पीएसवनच्या जवळपास सगळ्या डिस्क यावर चालतात, म्हणजे एका पैशात दोन पिढ्या.

आता जाड की स्लिम? जाड मॉडेलमध्ये वीजपुरवठा आतच असतो, यंत्र दणकट असतं आणि मागे हार्ड डिस्क बसवायची जागा असते. स्लिम २००४ मध्ये आला. तो छोटा आणि शांत आहे, पण त्याच्या सुरुवातीच्या ७०००० मालिकेत लेझर लवकर जाण्याची तक्रार जुनी आहे. लेझरला जोडलेली सपाट वायर वर सरकून डिस्कवर गोल ओरखडा पाडते, हा स्लिमचा आणखी एक आजार. शेवटच्या ९०००० मालिकेत वीजपुरवठा पुन्हा आत गेला. नीट चालणारा मिळाला तर मी जाडच घेईन. जागा नसेल तर ९००००.

एक गोष्ट मात्र बघून घ्या. आपल्याकडचे बरेचसे पीएसटू कॉपी डिस्क चालाव्यात म्हणून चिप मारलेले असतात आणि त्यांनी आयुष्यभर रस्त्यावरच्या कॉपी डिस्क वाचलेल्या असतात. चिप असणं वाईट नाही, परदेशी डिस्कही त्यावर चालतात. पण विकणारा ‘एकदम मक्खन चालतो’ म्हणत असेल तर सोबत एक ओरिजिनल, निळ्या बुडाची सीडी आणि एक चंदेरी डीव्हीडी घेऊन जा. लेझर थकला की बऱ्याचदा एक प्रकार वाचतो आणि दुसरा वाचत नाही.

पीएसथ्री आणि एक्सबॉक्स ३६० यांच्यात निवड करायची तर कुठल्या कंपनीचा ते मागाहून बघा, मॉडेल आधी बघा. दोन्हीकडे सुरुवातीचे नग दुखणेकरी आहेत आणि नंतरचे चांगले.

एक्सबॉक्स ३६० भारतात २००६ च्या सप्टेंबरमध्ये आला, युवराज सिंग आणि अक्षय कुमार यांना घेऊन. त्याच सुमाराच्या मॉडेलना तो कुप्रसिद्ध लाल गोल जडला. पुढच्या बटणाभोवतीचे तीन तुकडे लाल झाले की यंत्र गेलं. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यासाठी वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि एक अब्ज डॉलरहून जास्त खर्च बाजूला काढला. म्हणून पांढरा, जुना ३६० ‘रिपेअर करून दिलाय’ म्हणत कुणी स्वस्तात देत असेल तर हात जोडा. हॉट एअर गन मारून जिवंत केलेला बोर्ड पुन्हा झोपतो. २०१० चा काळा ‘एस’ किंवा २०१३ चा ‘ई’ घ्या.

पीएसथ्री भारतात २००७ मध्ये आला. त्याच्या जाड मॉडेलमध्ये पिवळा दिवा लागून मरण्याची खोड आहे. आणि संग्राहकाला मोह नेमका त्याच मॉडेलचा होतो, कारण पीएसटूच्या डिस्क त्यातल्या सुरुवातीच्या नगांवरच चालतात. त्यातही मेख आहे. युरोप आणि आपल्यासारख्या पाल (टीव्हीच्या चित्राची पद्धत; अमेरिका-जपानची ती एनटीएससी) देशांत आलेल्या पहिल्या ६० जीबीच्या मॉडेलमध्ये पीएसटूची निम्मीच चिप होती, बाकीचं काम सॉफ्टवेअर करायचं, त्यामुळे सगळे गेम नीट चालत नाहीत. पीएसटूसाठी पीएसटूच घ्यावा. पीएसथ्री घ्यायचा तर २००९ चा स्लिम. २०१२ चा सुपर स्लिमही टिकतो, पण त्याचं सरकतं झाकण हाताला स्वस्त लागतं.

दुरुस्तीत पीएसथ्री थोडा पुढे आहे. त्याची हार्ड डिस्क म्हणजे लॅपटॉपची साधी अडीच इंची डिस्क, चार स्क्रूत बदलते. ब्ल्यू-रे ड्राइव्हचा बोर्ड मात्र मदरबोर्डशी जोडलेला असतो, म्हणून दुसऱ्या यंत्राचा अख्खा ड्राइव्ह उचलून बसवता येत नाही. आपला बोर्ड ठेवून फक्त लेझर बदलावा लागतो. ३६० च्या ड्राइव्हचंही साधारण हेच आहे. गेमच्या बाबतीत पीएसथ्रीच्या डिस्कना प्रदेशाचं कुलूप नाही, दुबईहून आणा नाहीतर न्यू जर्सीहून. ३६० वर हे गेमगणिक बदलतं.

माझं पारडं पीएसथ्रीकडे झुकतं ते मात्र आणखी एका कारणाने. ३६० चे सहाशेच्या वर गेम त्यानंतरच्या एक्सबॉक्स वन आणि सिरीज एक्सवर चालतात. जुनी डिस्क घातली की यंत्र गेम इंटरनेटवरून उतरवून घेतं. घरात यांपैकी एखादा असेल तर ३६० ची निम्मी गरज संपली. पीएसफाइव्ह मात्र पीएसथ्रीची डिस्क तोंडातही घेत नाही. त्यात ३६० चं ऑनलाइन दुकान जुलै २०२४ मध्ये बंद झालं. सोनीनेही पीएसथ्रीचं दुकान बंद करायची घोषणा २०२१ मध्ये केली होती, लोक खवळले म्हणून महिन्याभरात मागे घेतली. अशा दुकानांवर विसंबून संग्रह करू नये. डिस्क असेल तोच गेम आपला.

पीएसपीला मी दुसरा नंबर दिला तो भावनेने नाही. हँडहेल्डला टीव्ही लागत नाही, त्यामुळे पाल-एनटीएससीची भानगड नाही. यंत्राला पाचच व्होल्ट लागतात, म्हणून परदेशातून आणला तरी इथला पाच व्होल्टचा चार्जर लावता येतो. गेमना प्रदेशाचं कुलूपही नाही. मॉडेल मात्र नीट निवडा. १००० जड आहे पण हातात भरीव लागतो. २००० हलका आणि टीव्हीला जोडता येणारा. ३००० चा पडदा सर्वांत रंगीत, फक्त वेगवान दृश्यात आडव्या बारीक रेषा दिसतात, एकदा दिसल्या की दिसतच राहतात. मी २००० घेईन. ‘ई१०००’ म्हणून जो स्वस्त विकतात त्यात वायफाय नाही आणि स्पीकर एकच आहे. ‘गो’ला डिस्कची जागाच नाही, सगळं डाउनलोडवर, आणि पीएसपीचं दुकान २०२१ मध्ये मिटलं. तो कपाटात शोभेसाठी ठीक. बाकी पीएसपीत मरते ती बॅटरी. फुगली की मागचं झाकण वर येतं. फोटोत झाकण तिरकं दिसलं तर भाव पाडा, नाही म्हणू नका, कारण बॅटरी हाताने काढता येते आणि नवी मिळते.

निन्टेंडोचं आपल्याकडे त्रांगडं आहे. कंपनी इथे स्वतः दुकान मांडून बसलेली नाही, जे मिळतं ते आयात करणाऱ्यांकडून, आणि वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. तरीही घ्यायचाच तर स्विच घ्या, कारण त्याच्या कॅसेटना प्रदेशाचं कुलूप नाही. त्याआधीचा वी (Wii) स्वस्त मिळतो आणि त्याच्या पहिल्या मॉडेलवर निन्टेंडोच्याच जुन्या गेमक्यूबच्या डिस्कही चालतात, पण तो प्रदेशाने बांधलेला आहे. जपानी वी आणि युरोपची डिस्क यांचं जमत नाही. हातात धरून खेळायच्या थ्रीडीएसचंही तेच, आणि त्याचं दुकान मार्च २०२३ पासून बंद आहे.

निन्टेंडोच्या जुन्या हँडहेल्डच्या, गेमबॉय अॅडव्हान्सच्या, कॅसेट घेताना डोळ्यांत तेल घाला. बाजारात नकलीच जास्त. खालच्या सोनेरी दातांच्या वर बोर्डावर ‘निन्टेंडो’ छापलेलं दिसतं का, ते टॉर्च मारून बघा. पोकेमॉन रुबी किंवा सफायरमधली बॅटरी संपली तर फक्त घड्याळ थांबतं, सेव्ह राहतो. त्याआधीच्या गोल्ड-सिल्व्हरमध्ये मात्र बॅटरीबरोबर सेव्हही जातो.

ड्रीमकास्टबद्दल विचारतात म्हणून दोन वाक्यं. सेगाचा शेवटचा कन्सोल, १९९८ ते २००१, सुंदर यंत्र. इथे त्याच्या डिस्क मिळत नाहीत, म्हणून पाचवा-सहावा म्हणून घ्या.

आणि आपल्या लहानपणीचा ‘व्हिडिओ गेम’? टर्मिनेटर, लिटल मास्टर आणि त्यांची पिलावळ म्हणजे निन्टेंडोच्या १९८३ च्या जपानी कन्सोलच्या, फॅमिकॉमच्या, नकला. ६० पिनांच्या कॅसेट, ‘९९९९ इन १’ असं लिहिलेलं आणि आत तेच दहा-वीस गेम उलटसुलट करून. संग्राहक म्हणून याला नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. आपल्या इथल्या गेमिंगचा खरा इतिहास हाच आहे आणि पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी नशीब असेल तर तो हाताला लागतो. फक्त तो अजून चालेल या हिशेबाने पैसे देऊ नका. आत सगळा संगणक एका काळ्या लाखेच्या ठिपक्याखाली असतो, तो गेला की काहीही दुरुस्त होत नाही. जुनी कॅसेट लागली नाही तर फुंकर मारू नका, ओल जाऊन पिना गंजतात. कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन दात पुसा. आणि बदकं मारायची बंदूक हवी असेल तर डब्बा टीव्हीसुद्धा शोधावा लागेल. एलईडी टीव्हीवर ती बंदूक काही केल्या नेम धरत नाही.

टीव्हीचा विषय निघालाच आहे तर पीएसटूबद्दलही. तीन रंगांच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरने मोठ्या एलईडीवर चित्र पसरट आणि धुरकट येतं. कॉम्पोनंट वायर (चित्रासाठी हिरवी, निळी, लाल अशा तीन तारांची) घ्या, टीव्हीला तिची जागा असेल तर. स्वस्त एचडीएमआय डोंगलने काम चालतं, जादू होत नाही.

परदेशातून मागवणाऱ्यांसाठी सगळ्यात महागडी चूक विजेची. मावशी शिकागोहून येताना कन्सोल आणते म्हणाली, छान, पण तिकडची वीज १२० व्होल्टची, जपानची १०० आणि आपली २३०. नुसता पिनचा अडॅप्टर लावून खोचलात तर आतला वीजपुरवठा धूर सोडतो. यंत्रामागचं लेबल वाचा. त्यावर १०० ते २४० लिहिलं असेल तर बिनधास्त, नाहीतर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आधी आणि कन्सोल नंतर. ३६० च्या विटेएवढ्या अडॅप्टरलाही हेच लागू.

घ्यायला जाताना फोनवर ‘ओके आहे’ ऐकून जाऊ नका. अर्धा तास चालवून बघा. ३६० आणि पीएसथ्रीची दुखणी गरम झाल्यावरच बाहेर येतात. सील तुटलेलं असेल तर कुणी उघडलं आणि कशासाठी, ते विचारा. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात डिस्कवर बुरशीचे पांढरे ठिपके येतात, सिलिका जेलच्या पुड्या डब्यात टाकून ठेवा.

पीएसटू घेतलात तर पुढे काय जमवायचं? परदेशी यादीत नसलेले, इथलेच गेम. सोनीने २००९ मध्ये भारतासाठी काढलेला ‘देसी अड्डा’, ज्यात पतंग आणि कबड्डी आहे. त्याच वर्षीचा ‘हनुमान: बॉय वॉरियर’, हैदराबादेत बनलेला. मुंबईच्या ट्राइन स्टुडिओचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’, जो पीएसपीवरही आहे. आणि ‘युवराज सिंग इंटरनॅशनल क्रिकेट २००७’, जो इंग्लंडमध्ये ब्रायन लाराच्या आणि ऑस्ट्रेलियात रिकी पाँटिंगच्या नावाने विकला गेला, आत गेम तोच. खेळ म्हणून यातले काही सुमार आहेत, हे खरं. पण अमेरिकेतल्या संग्राहकाला यांचे डबे सहजी मिळत नाहीत आणि तुम्हाला एखाद्या मित्राच्या दिवाणाखाली मिळू शकतात. मिळाला तर मॅन्युअल आणि मूळ कव्हरसकट घ्या. नुसती डिस्क देत असेल तर कव्हर शोधायला सांगून आठवडाभर थांबा, बहुतेकदा ते त्याच दिवाणाखाली असतं.