त्याने पैसे कधी मागितलेच नाहीत

ताईने त्या माणसाला एक पैसाही दिला नाही. हे आधीच सांगतो, कारण डेटिंग साइटवरच्या फसवणुकीचा विषय निघाला की समोरचा हमखास म्हणतो, "पैसे मागितले की ब्लॉक करायचं, त्यात काय एवढं?" तो पैसे कधी मागतोय याकडे ताईचं पहिल्यापासून लक्ष होतं. त्याने मागितले नाहीत. एकदा तो आजारी असल्याचं कळल्यावर तिनेच विचारलं, काही पाठवू का? तर तो चक्क रागावला. दोन दिवस नीट बोलला नाही. त्या रागावण्यावर तिचा जेवढा विश्वास बसला तेवढा त्याच्या कुठल्याच गोड बोलण्यावर बसला नव्हता. आणि पुढच्या काही महिन्यांत तिची जवळजवळ सगळी बचत गेली.

ताई माझ्यापेक्षा बरीच मोठी. घटस्फोटाला कित्येक वर्षं झालेली, व्यवहारात पक्की, ऑफिसात खरेदी विभाग सांभाळणारी. खोटी बिलं पकडणं हे तिचं रोजचं काम. "लिही, पण नाव घालू नकोस. आणि अरे, मला बिचारी करू नकोस," एवढ्या दोन अटींवर तिने मला त्या दोघांचं सगळं चॅट वाचायला दिलं. खाली जे आहे ते त्या वाचनातून आलेलं आहे.

आधी एक कबूल करायला हवं, की चॅट चांगलं होतं. अशा ठिकाणी मोडकीतोडकी भाषा आणि पहिल्याच दिवशी 'आय लव्ह यू' असेल असं वाटतं. इथे तसं काही नव्हतं. तो विनोद करायचा, कामातले कंटाळवाणे तपशील सांगायचा, मध्येच एखादा दिवस गायब व्हायचा आणि मग माफी मागायचा. पण पहिल्या दोन-तीन आठवड्यांतले फक्त त्याचे प्रश्न मी वेगळे काढून एका खाली एक लिहिले, तेव्हा चित्र पालटलं. घरी आणखी कोण असतं? पैशाचे निर्णय तू एकटी घेतेस की भावाला विचारतेस? घर स्वतःचं की भाड्याचं? निवृत्तीचं काही बघून ठेवलंयस का? कर्ज आहे? गप्पांच्या ओघात, चार-चार दिवसांच्या अंतराने आलेले हे प्रश्न एकत्र वाचले तर कर्ज देणारी बँकही इतकं विचारत नाही. ताईने उत्तरं मोकळेपणाने दिली होती, कारण प्रत्येक प्रश्नाआधी त्याने तीच माहिती स्वतःबद्दल दिली होती. त्याची माहिती खोटी होती, तिची खरी.

तिने तपासलं नव्हतं असंही नाही. साइटवरचे फोटो गुगल लेन्स आणि टिनआय या फोटोवरून शोध घेणाऱ्या साधनांवर टाकून पाहिले होते. ते फोटो दुसरीकडे कुठेच सापडले नाहीत. चोरलेला फोटो असता तर सापडण्याची शक्यता होती. पण २०१९ पासूनच अस्तित्वात नसलेल्या माणसाचा चेहरा संगणकाकडून बनवून घेणं कुणालाही शक्य आहे, आणि असा चेहरा शोधयंत्राला आधी कुठे दिसलेलाच नसतो. "सापडला नाही" याचा अर्थ "खरा आहे" असा होत नाही. मग तिने व्हिडिओ कॉलचा आग्रह धरला. तोही त्याने केला! थोडा वेळच, उजेड कमी, पण चेहरा तोच. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये हाँगकाँगच्या पोलिसांनी अशाच प्रेमाच्या नावाखाली चाललेल्या एका टोळीतल्या २७ जणांना अटक केली. व्हिडिओ कॉलमध्ये डीपफेकने चेहरा बदलून बोलणाऱ्या या टोळीने सुमारे ४ कोटी ६० लाख अमेरिकी डॉलर उकळल्याचं पोलिसांचं म्हणणं होतं. काही टोळ्या तर कॉलपुरता खराच माणूस पगारावर ठेवतात. ताईच्या बाबतीत यातलं काय होतं ते कळायला आता मार्ग नाही, आणि त्याने फरकही पडत नाही.

कारण माझं म्हणणं असं आहे की ही सगळी तपासणी त्याच्या अंगणात चालते. तो काय सांगतो, कसा दिसतो, कुठे नोकरी करतो, याची उत्तरं त्याने आधीच तयार ठेवलेली असतात. ज्याची उत्तरं त्याच्या हातात नसतात अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे त्याच्याशी ओळख झाल्यापासून आपण काय-काय केलं. ते शोधायला गुप्तहेर लागत नाही. ताईच्या बाबतीत क्रम असा होता: ओळख होऊन आठवडा व्हायच्या आत ती त्याच्या सांगण्यावरून साइट सोडून खासगी मेसेजिंग अॅपवर आली. मग तिने साइटवरचं आपलं प्रोफाइल काढून टाकलं, "आता आपल्याला त्याची काय गरज" म्हणून. मग ती आमच्याशी कमी बोलू लागली. मग एका लिंकवरून तिने एक अॅप मोबाइलमध्ये घेतलं. प्रत्येक पाऊल लहान, प्रत्येकाला कारण गोड, आणि एकही पाऊल तिच्या डोक्यातून निघालेलं नाही.

साइट सोडायला लावणं यात सगळ्यात महत्त्वाचं. साइटवर त्याच्याविरुद्ध इतर कुणी तक्रार केली, तर त्याचं खातं बंद होतं आणि काही साइट त्याच्याशी बोललेल्या बाकीच्यांना तसं कळवतातही. खासगी अॅपवर जाऊन साइटवरचं प्रोफाइलही काढून टाकलं की तो इशारा पोहोचणं अवघड होतं. प्रत्यक्ष भेट होईपर्यंत साइटवरच बोलायचं म्हटलं तर खऱ्या माणसाचं काहीही बिघडत नाही. फार तर तो कुरकुर करेल.

आता पैशाचा भाग. तो स्वतःच्या गुंतवणुकीबद्दल अधूनमधून बोलायचा, कधी नफ्याचा स्क्रीनशॉट टाकायचा, पण "तूही कर" असं म्हणायचा नाही. ताईने स्वतः विचारलं. तेव्हाही त्याने आढेवेढे घेतले, मग "शिकवतो, पण अगदी थोड्यापासून" म्हणाला. पैसे तिच्याच नावाच्या खात्यात जायचे होते. तिने आधी एका खऱ्या एक्स्चेंजवर टेदर हे डॉलरशी बांधलेलं आभासी चलन विकत घ्यायचं, आणि मग ते त्याने दिलेल्या प्लॅटफॉर्मवरच्या 'तिच्या' खात्यात पाठवायचं. प्लॅटफॉर्म दिसायला झकास. हलणारे आलेख, ग्राहक सेवा, सगळं. फक्त तिथे व्यवहार असा काही होतच नव्हता. पाठवलेलं चलन थेट टोळीच्या पाकिटात, म्हणजे आभासी चलन ठेवायच्या खात्यात, जात होतं, आणि पडद्यावरचा वाढता आकडा पलीकडचं कुणीतरी टाकत होतं.

याच टप्प्यावर तिने तिसरी तपासणी केली. थोडे पैसे काढून पाहिले, आणि ते बँकेत आले. (पैसे काढून बघायचा सल्लासुद्धा त्याचाच होता, हे मला चॅटमध्ये दिसलं. ताई ते विसरली होती.) तिच्याच पैशातले थोडे तिला परत देणं हा त्यांच्या धंद्यातला खर्च असतो. त्यानंतर तिने मुदत ठेवी मोडल्या.

मोठी रक्कम काढायला गेली तेव्हा ग्राहक सेवेचा निरोप आला: नफ्यावरचा कर आधी भरा, तो खात्यातल्या शिल्लकीतून वळता होणार नाही. हे वाक्य पाठ करून ठेवावं असं आहे. खरा दलाल किंवा खरी बँक आपली फी शिल्लकीतून कापते, आणि कर सरकारला जातो, कुणाच्या तरी पाकिटात नाही. आपलेच पैसे सोडवायला बाहेरून नवे पैसे मागितले की तिथे सोडवण्यासारखं काही उरलेलं नसतं. ताईला शंका आली होती. तिने त्याला तसं लिहिलंही. त्यावर तो म्हणाला, "अर्धी रक्कम मी भरतो, तुझ्यावर भार नको." आणि खरोखरच तिच्या खात्यात तेवढा आकडा जमा झालेला दिसला. त्यांच्याच पडद्यावर त्यांनीच टाकलेला आकडा, पण ती गहिवरली आणि उरलेले अर्धे पैसे कर्ज काढून भरले. त्यानंतर पडताळणीची अनामत आली, मग उशिराचा दंड. आणि मग एके दिवशी लॉगिनच होईना. त्याचं प्रोफाइलही गेलं.

चॅट वाचताना आणखी एक जाणवलं. तो एकटा नव्हता. सकाळच्या मेसेजमधला माणूस लांब वाक्यं लिहायचा, रात्रीचा तुटक. एकाला ताईच्या मांजराचं नाव माहीत होतं, दुसरा तेच पुन्हा विचारायचा. हे उद्योग पाळ्यांमध्ये चालतात, आणि पलीकडे टाइप करणारा नेहमी मजेत असतो असंही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३मध्ये अंदाज दिला होता, की म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसं अशा ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर जबरदस्तीने कामाला लावलेली असावीत. नोकरीच्या जाहिरातीला भुलून गेलेली, पासपोर्ट काढून घेतलेली. ताईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "म्हणजे रात्रीचा तो कदाचित मला सावध करायला तुटक लिहीत असेल." मला तसं वाटत नाही. पण मी वाद घातला नाही.

सगळेच सापळे असे गुंतवणुकीचे नसतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी संस्थेकडे २०२२मध्ये जवळपास ७० हजार लोकांनी प्रेमाच्या नावाखाली झालेल्या फसवणुकीची तक्रार केली. नुकसान १३० कोटी डॉलर. त्या तक्रारींमध्ये सगळ्यात जास्त आढळलेली थाप जुनीच होती: मी किंवा माझं जवळचं कुणी आजारी आहे, जखमी आहे, तुरुंगात आहे. त्याखालोखाल 'गुंतवणूक शिकवतो' आणि 'मी सैन्यात आहे, दूर तैनात आहे'. उघडे फोटो मागून घेऊन ते ओळखीच्यांना पाठवायची धमकी देणारेही आहेत. तिथे एकदा पैसे दिले की मागणी थांबत नाही, वाढते. आणि एक प्रकार असा, की त्यात उलट आपल्यालाच पैसे येतात: "माझं खातं अडकलंय, तुझ्या खात्यात घेऊन पुढे पाठवशील?" तो पैसा बहुधा दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीचा असतो, आणि पोलीस आपल्या दारात येतात. वर सांगितलेली कसोटी इथेही लागू पडते. त्याची कहाणी खरी की खोटी हे ठरवत बसण्याऐवजी, आपल्याकडून काय करून घेतलं जातंय तेवढं बघायचं.

ताईने आम्हाला का सांगितलं नाही, हे मी तिला विचारलं. "तुम्ही हसला असता," ती म्हणाली. खोटं नव्हतं ते. हॉलिवूडचा नट ब्रॅड पिट असल्याचं भासवून एका फ्रेंच बाईचे ८ लाख ३० हजार युरो उकळल्याची बातमी जानेवारी २०२५मध्ये आली. घटस्फोटामुळे खाती गोठली आहेत, मूत्रपिंडाचा कर्करोग झालाय, असं सांगून आणि रुग्णालयातले बनावट फोटो पाठवून. तिने वाहिनीवर तोंड उघडलं आणि इंटरनेटवर तिची एवढी टिंगल झाली की वाहिनीने तो कार्यक्रमच काढून घेतला. आमच्या घरातही ती बातमी बघून लोक हसले होते. त्यांच्यात मीही होतो. असं हसणं ज्यांच्या कानावर पडतं ते पुढे आपल्यावर वेळ आली की गप्प राहतात, आणि ते गप्प राहणं टोळीला फुकटात मिळतं. ताईचा तो माणूस तर तिला सांगायचाच, "घरच्यांना आत्ता नको सांगूस, ते समजून घेणार नाहीत."

पैसे गेल्याचं लक्षात येताच पहिला फोन बँकेला करायचा, त्याच मिनिटाला, कारण बँकेतून निघालेला पण पुढे न पोहोचलेला पैसा कधीकधी थांबवता येतो. आभासी चलनात गेलेला व्यवहार उलटवता येत नाही. तरीही ज्या एक्स्चेंजवरून चलन पाठवलं त्यालाही कळवायचं, आणि सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार द्यायची. चॅट रागाच्या भरात पुसायचं नाही. पाकिटांचे पत्ते, व्यवहार क्रमांक, प्लॅटफॉर्मचा वेब-पत्ता, सगळ्याचे स्क्रीनशॉट ठेवायचे. ताईने प्लॅटफॉर्मचं अॅप उद्वेगाने काढून टाकलं होतं, त्यामुळे तिथलं काहीच पुराव्यात देता आलं नाही.

आणि तक्रारीनंतरचे मेसेज. "तुमचे बुडालेले पैसे शोधून देतो," म्हणणारे एकामागून एक येऊ लागले. कुणी वकील, कुणी हॅकर, कुणी आंतरराष्ट्रीय तपास संस्थेचा अधिकारी. त्यातल्या एकाला तिने पाठवलेल्या रकमा आणि तारखासुद्धा माहीत होत्या. त्यामुळे तो खरा वाटतो, पण त्या तारखा मूळ टोळीखेरीज कुणाकडे असणार? फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, किंवा तीच माणसं नवं नाव घेऊन परत येतात. त्यालाही हवी होती फक्त थोडी नोंदणी फी, टेदरमध्ये. या वेळी ताईने तो मेसेज उत्तर देण्याआधी मला पुढे पाठवला, आणि खाली लिहिलं, "शिल्लकीतून कापून घ्या म्हणून सांगू का याला?"