लातूरच्या शोरूमवाल्या वर्कशॉपला गाडी टाकणार असाल तर आधी हे वाचा

पाचपैकी एक स्टार, आणि तो बी वॉशिंगवाल्या पोरांसाठी, त्यांनी गाडी खरंच मन लावून धुतली. बाकी सगळ्याचा लई राग आहे.

पेट्रोल हॅचबॅक आहे, वॉरंटी शिल्लक आहे म्हणून शोरूमच्याच वर्कशॉपला पेड सर्व्हिसला टाकली. फोनवर साडेसहा हजारापर्यंत जाईल म्हणले आणि बिल निघालं चौदा हजार दोनशे. पैसे जास्त गेले ते गेले, पण कशाचे गेले ते सांगतो, कारण आमच्या औसा, निलंगा, रेणापूरकडची बरीच लोकं इथंच गाडी टाकतात आणि बिलाची शेवटची ओळ तेवढी बघून पैसे देऊन निघतात.

गाडी आत घेतल्या घेतल्या अ‍ॅडव्हायजर (गाडी ताब्यात घेऊन कामं लिहून घेणारा माणूस) टॅब घेऊन सुरू झाला, सर इंजिन फ्लशिंग (इंजिन आतून केमिकलनं धुणं) करून घ्या, थ्रॉटल बॉडी क्लिनिंग, एसीचं डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग, टायरमध्ये नायट्रोजन, सगळं कंपनीनं रेकमेंड केलेलं आहे. अहो कंपनी काय रेकमेंड करते ते गाडीसोबत आलेल्या मॅन्युअलमध्ये छापलेलं असतंय, कोणत्या किलोमीटरला काय बदलायचं आणि काय नुसतं तपासायचं याचा पूर्ण तक्ता आहे त्यात. माझ्या गाडीच्या तक्त्यात फ्लशिंगचं नाव सुद्धा नाही. आणि नायट्रोजनचं म्हणाल तर साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतोय, गावातल्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला त्याचे वेगळे पैसे कशाला?

मी नको म्हणलं तर मग ब्रेकवर आला. पुढचे पॅड दोन एमएमच राहिलेत, फॅमिली घेऊन मांजरसुंब्याच्या घाटात उतरताना ब्रेक लागला नाही तर काय करणार सर, असं तोंडावर बोलला. म्हणलं चाक काढा आणि मला दाखवा, तर म्हणे इन्शुरन्समुळं कस्टमरला आत सोडत नाहीत. पॅड बदलू दिले नाहीत. नंतर औशातल्या आमच्या ओळखीच्या मेकॅनिकनं माझ्यासमोर चाक खोलून मापलं, सात एमएम शिल्लक! नवीन पॅडच साधारण दहा एमएमच्या आसपास असतंय आणि तीनच्या जवळ आलं की बदलतात. माझे वडील तपासणीसाठी याच गाडीतून सोलापूरला जातात, त्यांच्या जिवाची भीती घालून खोटं माप सांगणं मला सहन होत नाही.

याच्याहून वाईट म्हणजे न केलेल्या कामाचे पैसे. बिलात केबिन एसी फिल्टर नवीन टाकल्याचं लिहिलंय, घरी येऊन ग्लोव्ह बॉक्स खोलला तर जुनाच फिल्टर, त्यात मागच्या हंगामातला सोयाबीनचा भुस्सा तसाच अडकलेला. ब्रेक क्लिनिंगचे पैसे बी घेतलेत, आणि त्याच मेकॅनिकनं मागच्या ब्रेकचे ड्रम उघडले तर आत धुळीचा थर. लेबर लावली, पान्हा लावलाच नाही. गाडीवर काम करणाऱ्या पोरांना मी दोष देणार नाही, त्यांच्या हातात बिल नसतं. निघताना अ‍ॅडव्हायजर म्हणला सर फीडबॅकचा फोन येईल, दहापैकी दहा द्या नाहीतर माझा इन्सेन्टिव्ह कटतो.

बाहेर काम केलं तर वॉरंटी जाईल ही धमकी इथं बी मिळाली. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं स्पेअर पार्टच्या प्रकरणात १४ कार कंपन्यांना २,५४४ कोटींचा दंड ठोकला होता, आणि बाहेरच्या गॅरेजला गाडी दाखवली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका असं बी बजावलं होतं. कंपन्या पुढं कोर्टात गेल्या ती गोष्ट वेगळी. तरी वॉरंटीतलं मोठं काम असेल तर अधिकृत ठिकाणीच करा, पण पॅड मापायला आणि फिल्टर बघायला बाहेर जायला कुणाला घाबरू नका.

गाडी टाकायचीच असेल तर जॉब कार्डवर, म्हणजे करायच्या कामांची यादी असलेल्या कागदावर, सही करायच्या आधी एकेक ओळ वाचा, नको ते खोडायला लावा, आणि काढलेले सगळे जुने पार्ट डिकीत ठेवा असं त्याच जॉब कार्डवर लिहून घ्या. जुन्या फिल्टरवर मार्करनं खूण करून ठेवली तर लगेच कळतंय. किलोमीटर आणि तारखेसकट फोटो काढून ठेवा.

मी कंपनीच्या कस्टमर केअरला फोटो आणि बिल मेल केलंय, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला बी तक्रार नोंदवली. त्यानंतर वर्कशॉपच्या मॅनेजरचा फोन आला, फिल्टरचे पैसे परत देतो, तक्रार मागं घ्या. म्हणलं ब्रेक क्लिनिंगचं काय, आणि दोन एमएम कुणी मापलं ते लेखी द्या, तर फोन ठेवला. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतंय आणि पाच लाखाच्या आतल्या व्यवहाराला फी लागत नाही, तेव्हा लेखी उत्तर नाही आलं तर मी कागद घेऊन तिथं जाणार आहे. ज्यांच्या बिलात ब्रेक क्लिनिंग लागलंय त्यांनी एकदा ड्रम उघडून बघा आणि खाली लिहा, जास्त जणांचे फोटो असले तर एकत्र तक्रार टाकू.